वजन योग्य, मग कंबर कशाला मोजायची?

प्रश्न : माझे वय ४८ वर्षे, उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ६२ किलो आहे. तपासणीत माझा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) २२.८, म्हणजे योग्य निघाला. परंतु डॉक्टरांनी टेपने कंबर ९४ आणि नितंब ९६ सेंटिमीटर मोजून मला मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका असल्याचे सांगितले. मी तर ३४ इंची पँट वापरतो. यातले खरे काय मानावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे. बीएमआय केवळ उंची आणि वजन पाहतो. त्या वजनात स्नायू किती, चरबी किती आणि ती कोठे साठली आहे, हे त्यातून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते : दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ हातापायांच्या माणसाचेही पोट सुटलेले दिसते, ते यामुळेच. पोटातील अवयवांभोवतीची ही चरबी यकृतावर ताण आणते आणि इन्सुलिनचे काम बिघडवते. मांड्या-नितंबांवरची चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते.

कंबरेला नितंबाने भागल्यास आपले गुणोत्तर ०.९८ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुरुषांमध्ये ०.९० व स्त्रियांमध्ये ०.८५ पासून धोका बराच वाढतो. भारतीयांसाठी नुसत्या कंबरेची मर्यादाही पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात.

पँटच्या मापावर मात्र विसंबू नये, कारण ती बहुधा सुटलेल्या पोटाच्या खाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर, कपडा बाजूला सारून, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर टेप जमिनीला समांतर धरून मोजावे. नितंब सर्वांत रुंद भागी मोजावेत. गरोदरपणात किंवा पोटात पाणी झाले असल्यास ही मापे लागू पडत नाहीत.

उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), रक्तदाब आणि रक्तातील चरबीच्या तपासण्या लवकर करून घ्याव्यात. पुढे सुधारणा पाहताना गुणोत्तरापेक्षा कंबरेचेच माप महिन्यातून एकदा लिहून ठेवावे, कारण कंबर आणि नितंब दोन्ही उतरले, तर गुणोत्तर जागचे हलत नाही आणि चालण्या-व्यायामाचा काही उपयोग होत नाही, असा गैरसमज होतो.