वॉरंटी नाकारल्याची पहिली तारीख आधी पाहा

प्रश्न : माझ्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा मूळ कूलर (कार्ड थंड ठेवणारा भाग) काढून मी दुसऱ्या कंपनीचा बसवला. काही महिन्यांनी स्क्रीनवर रेघा येऊ लागल्या, म्हणून जुना कूलर परत लावून कार्ड सर्व्हिस सेंटरला दिलं. ‘कार्ड उघडलेलं आहे’ असं सांगून त्यांनी वॉरंटी नाकारली. तेव्हापासून कंपनीला ई-मेल करतोय. शेवटचा नकार गेल्या महिन्यात आला. ‘हे तुटलं तर वॉरंटी रद्द’ असं सांगणारं स्क्रूवरचं स्टिकर अमेरिकेत बेकायदा आहे म्हणतात. मला ग्राहक आयोगात जाता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाता येईल, पण येत्या २७ तारखेच्या आत.

कूलर बदलला, फॅन बदलला, चिप आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली आणि वॉरंटी गेली, अशी पत्रं मला सतत येतात. प्रत्येकाला स्टिकरबद्दल विचारायचं असतं. पहिला नकार कधी आला, हे कुणी आपणहून सांगत नाही. तुम्हीही पत्रात लिहिलं नाहीत. सोबत जोडलेल्या ई-मेलांमध्ये मला ते सापडलं, आणि त्या पहिल्या नकाराला २७ तारखेला दोन वर्षं पूर्ण होतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. तुमच्या बाबतीत हे कारण घडलं ते पहिल्या लेखी नकाराच्या दिवशी. त्यानंतर तुम्ही कितीही ई-मेल पाठवलेत आणि कंपनीने तेच उत्तर कितीही वेळा दिलं, तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. गेल्या महिन्यातला ‘शेवटचा नकार’ या हिशेबात धरू नका. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाला तो स्वतःहून तपासावा लागतो. जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘कंपनीशी बोलणी चालू होती’ हे कारण बहुतेक वेळा टिकत नाही. दोन वर्षांत एक साधी तक्रार दाखल करायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? याचं उत्तर तुमच्या कागदांत मला मिळालं नाही.

त्यामुळे नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट पाहण्याच्या फंदात आता पडू नका. कायद्याने नोटीस सक्तीची नाही. कार्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतलं असलं तरी तुम्ही नाशिकला राहता, म्हणून तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात चालेल. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा, पण शेवटच्या रात्री बसू नका. त्रुटी निघाली किंवा पोर्टल अडलं, तर वाद पुन्हा मुदतीवरच येईल.

अमेरिकेचं म्हणाल, तर तिथे १९७५ चा वॉरंटी कायदा आहे आणि तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अशा स्टिकरांवरून कंपन्यांना ताकीद दिली, हे खरं आहे. नाशिकला त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे ‘राइट टू रिपेअर’ नावाचं सरकारी पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे, पण स्टिकर तुटलं तरी वॉरंटी टिकते असं म्हणणारं कलम नाही. तुमचा आधार तुमच्याच वॉरंटी कार्डात आहे. त्यात ‘ग्राहकाने केलेल्या बदलामुळे झालेलं नुकसान’ वगळलं आहे, आणि सर्व्हिस रिपोर्टात फक्त ‘टॅम्पर्ड’ (छेडछाड केलेलं) एवढा शेरा आहे. काय बिघडलं आणि ते कूलर काढल्यामुळे कसं बिघडलं, यावर एक ओळही नाही. बोट तिथे ठेवा. मात्र ‘हा करारच अन्याय्य आहे’ अशी मांडणी जिल्हा आयोगात करू नका; अन्याय्य कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात. सेवेतली त्रुटी आणि सदोष माल, एवढंच धरा.

यश येईल का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मेमरी चिपवरचे थर्मल पॅड, म्हणजे चिपची उष्णता कूलरकडे नेणारे मऊ तुकडे, नवे दिसतात. मूळ पॅड दीड मिलिमीटरचे असतील आणि तुम्ही दोनचे घातले असतील, तर कूलरचा तळ मुख्य चिपवर नीट टेकत नाही. एकचे घातले असतील, तर मेमरीला कूलरचा स्पर्शच होत नाही आणि ती तापत राहते. कंपनीचा वकील नेमकं हेच विचारेल. पॅडची पावती, नव्या कूलरचं बिल, तापमानाचे जुने स्क्रीनशॉट, जे असेल ते आजच शोधून ठेवा. दोष सिद्ध करण्याचा भार आधी तुमच्यावर आहे.

आणि एका गोष्टीचा मला खरोखर राग आला. सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर तुम्ही ‘कार्ड उघडलेलं नाही’ या चौकटीत खूण केली आहे. ती कंपनीच्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्वतःहून लिहा : कूलर बदलला होता, परत लावला, फॉर्मवर चूक झाली. उलटतपासणीत ते बाहेर आलं, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

कार्ड स्थानिक कारागिराकडून ‘रीबॉलिंग’ (चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे नव्याने बसवणं) करून घेण्याचा विचार तूर्त सोडा. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ खाली आयोग वस्तू सीलबंद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चिप एकदा उचकटली की तपासायला काही उरत नाही. अशा कार्डासाठी योग्य प्रयोगशाळा चटकन मिळेलच असं नाही, आणि तपासणीचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी असेल तर पाच. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि ७२ हजारांच्या कार्डासाठी माणूस वर्षानुवर्षं खेटे घालतो. हे संतापजनक आहे, आणि मागणी लिहिताना ते लक्षात ठेवावं लागतं. नुसतं ‘कार्ड बदलून द्या’ असं मागू नका, कारण निकाल येईपर्यंत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असेल. पर्याय म्हणून व्याजासह किंमत परत मागा. विक्रेता, भारतातला आयातदार आणि उत्पादक, तिघांनाही सामनेवाले करा.

तुम्ही या कार्डावर लग्नाचे व्हिडिओ एडिट करता, असं ओझरतं लिहिलं आहे. ‘व्यापारी हेतू’ने घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या अपवादात बसत नाही, म्हणून तसं स्पष्ट नमूद करा. बिल स्टुडिओच्या नावावर असून त्यावर जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर मात्र खरेदी व्यवसायासाठीच होती असं कंपनी म्हणेल, म्हणून वकिलाला आधी ते सांगा.

तक्रार दाखल झाली की कंपनीकडून बहुधा सवलतीत दुरुस्तीचा किंवा जुन्या कार्डाच्या बदल्यात काही देण्याचा प्रस्ताव येईल. वाईट नसेल तर घ्या. पण ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करायची ती बदली कार्ड हातात आल्यावर, आणि ते कॉम्प्युटरला लावून तपासल्यानंतरच.