काजू-बदाम राहू दे, आधी शेडवरचा बेदाणा बघ

पत्र थोडक्यात असं: "तासगावजवळ आमचं गाव, मी सांगलीला टीवाय बीकॉमला आहे. घरची दोन एकर द्राक्षबाग, आम्ही बेदाणाच करतो, सीझनला शेडवर (द्राक्षं जाळीवर सुकवतात तिथे) गंधकाची धुरी कधी द्यायची ते आता मीच बघतो. मला ड्रायफ्रूटचं ऑनलाइन दुकान काढायचंय, काजू-बदाम-पिस्ता सगळं, मोठ्या साईटपेक्षा दहा रुपये कमी ठेवून. पप्पा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. एवढ्या कॉम्पिटिशनमध्ये माझा यूएसपी, म्हणजे इतरांकडे नसलेली खास गोष्ट, काय असावा?"

अरे, यूएसपी तू पत्रातच लिहिलायस आणि लगेच पुढच्या वाक्यात पिस्त्याकडे पळालास.

दहा रुपये कमी हा काही फायदा नाही, समोरचा उद्या सकाळी पंधरा कमी करेल आणि त्याला ते परवडेल. बदाम बहुतेक कॅलिफोर्नियाचा, तू तो वाशीच्या मार्केटमधून दहा किलो उचलणार, तिथेच दुसरा टनावर उचलतो, मग तुला स्वस्त कुठून पडणार? काजू-बदामात तू फक्त मधला माणूस, तेही सगळ्यात छोटा.

बेदाण्यात तसं नाही. घड डिपिंग ऑइलमध्ये (द्राक्ष लवकर सुकावं म्हणून वापरतात त्या द्रावणात) बुडवून जाळीवर टाकला की पंधरा-वीस दिवस काय काय होतं, ढग आले की कशी धावपळ होते, धुरी जास्त झाली की काय होतं, हे तुला कुठल्या कोर्समध्ये शिकावं लागलं नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला तर माहितीच नसतं की तो पिवळाधमक रंग गंधकाच्या धुरीचा असतो. तू शंभर किलो माल बिनधुरीचा काढ, दिसायला काळपट असेल, तसाच फोटो टाक आणि का काळपट आहे ते शेडवर उभं राहून तुझ्या बोलीत सांग. नुसता माल आणून विकणारा हे दाखवू शकत नाही कारण त्याच्याकडे शेडच नाही. (धुरीचा माल विकलास तर ठराविक प्रमाणापुढे सल्फाइटचा, म्हणजे मालात उरलेल्या गंधकाच्या अंशाचा, उल्लेख पाकिटावर करावाच लागतो, तेव्हा एकदा लॅबमधून तपासून घे. फूड लायसन्सचंही आधीच बघ, आणि राज्याबाहेर माल पाठवायचा तर तुला जीएसटी नंबर लागतो का ते सीएला विचारून घे.)

जीआयच्या, म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या, भरवशावर राहू नकोस हं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 पासून जीआय आहे, पण तो अख्ख्या भागाचा आहे, तुझा एकट्याचा नाही, आणि वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. कर जरूर, पण शेजारचाही करेल.

आता गिऱ्हाईक कोण? मागच्या दिवाळीत मी ऑनलाइन अर्धा किलो मागवला होता, काड्या निघाल्या आणि मणी सगळे वेगवेगळ्या साईजचे. मला चाललं, पण घरून केक किंवा डिंकाचे लाडू करून विकणाऱ्या बाईला ते चालत नाही, तिला दर महिन्याला तोच मणी, तोच रंग लागतो आणि ती एकदम दोन-पाच किलो घेते. पुण्यात, कोल्हापुरात अशा वीस बायका मिळाल्या तरी तुझं पहिलं वर्ष निघेल. माल कोल्डला (कोल्ड स्टोरेजला) ठेवायची सोय तुमच्याकडे सगळ्यांना माहितीय, त्यामुळे वर्षभर पुरवता येईल.

हिशोबात दोन ठिकाणी पोरं हमखास फसतात. एक म्हणजे घरचा माल फुकट धरतात. तो फुकट नाही, सौद्यात (बेदाण्याच्या लिलावात) त्या दिवशी जो भाव निघेल तीच तुझी खरेदी, आणि तेवढे पैसे पप्पांना दे, नाहीतर धंदा चालतोय की बाग तुला पोसतेय ते कळणारच नाही. दुसरं पार्सल. कुरिअरवाले वजन आणि आकार दोन्ही बघतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000, असा बहुतेकांचा हिशोब. म्हणजे 25 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात अर्धा किलो बेदाणा घातलास तर बिल दीड किलोचं येतं! म्हणून खोकं मालाच्या मापाचं घे, आणि दोन किलोच्या खालची ऑर्डर सुरुवातीला घेऊच नकोस. कॅश ऑन डिलिव्हरी पण बंद ठेव, परत आलेल्या पार्सलला सगळे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात आणि गाडीच्या आरटीओइतकाच त्यात जीव जातो, जायचं-यायचं भाडं तुझ्याच बोकांडी.

राहिला प्रश्न पप्पांचा, तर ते चुकीचं बोलत नाहीत. शेडचा सीझन आणि तुझी परीक्षा दोन्ही मार्च-एप्रिलला गळ्यात पडणार, म्हणून शंभर किलो बाजूला काढून कोल्डला टाक आणि विक्री जूनमध्ये चालू कर. बँकेचा फॉर्म भर, सकाळचा अभ्यास सोडू नकोस. दिवाळीपर्यंत त्या शंभर किलोचे सौद्यापेक्षा किलोमागे किती जास्त सुटले, पार्सल, पाकीट आणि खराब माल वजा करून, ते वहीत लिही आणि ती वही आधी पप्पांना दाखव. आकडा चांगला असला तर पुढच्या वर्षी पाचशे किलो द्यायचे का नाही ते तेच ठरवतील, शेवटी शेड त्यांची आहे.