घराचा दर कोणत्या क्षेत्रफळावर, ते आधी विचारा

फ्लॅट घेणाऱ्यांचे प्रश्न वेगवेगळ्या शहरांतून येतात, गोंधळ मात्र तोच असतो. कुणीतरी सांगितलेला ‘चालू दर’ खरा मानून लोक सौद्याला बसतात आणि शंका टोकन दिल्यानंतर विचारतात. वारंवार येणारे काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: मालक रेडी रेकनरपेक्षा 20 टक्के जास्त मागतो आहे. रेडी रेकनर म्हणजे सरकारने ठरवलेली किंमत ना?

नाही. रेडी रेकनर हा सरकारी दरतक्ता मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतो. एका मूल्यविभागातल्या सगळ्या इमारतींना एकच मूळ दर लागतो. पाण्याची टंचाई, गळकी गच्ची, सोसायटीतले वाद त्यात दिसत नाहीत. बाजारभाव त्याच्या वरही असतो, काही भागांत खालीही. सौदा खाली होत असेल तर जास्त जपा. रेकनरप्रमाणे येणारी किंमत आणि तुमची रक्कम यांतला फरक 10 टक्क्यांच्या पुढे गेला, तर तो घेणाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. करार करण्याआधी सीएला विचारा.

प्रश्न: आम्हाला 8,163 रुपये चौरस फूट दर सांगितला आहे. शेजारच्या इमारतीत 8,392 चालू आहे. म्हणजे आमचा फ्लॅट स्वस्त ना?

कोणत्या क्षेत्रफळावरचे 8,163? तुम्ही दोन्ही फ्लॅटचे आकडे पाठवलेत म्हणून बरे झाले. तुमचा फ्लॅट 68 लाखांना, ‘सेलेबल’ (जिना-लॉबीचा वाटा धरून विकणारा सांगतो ते) 833 चौरस फूट, कार्पेट (घराच्या आतली प्रत्यक्ष जागा) 595. शेजारचा 72 लाखांना, सेलेबल 858, कार्पेट 660. आता कार्पेटने भागा. तुमचा दर 11,429 येतो, शेजारचा 10,909. स्वस्त वाटणारा फ्लॅट प्रत्यक्षात महाग आहे, कारण तुमच्या इमारतीत कार्पेटवर 40 टक्के लोडिंग (सामाईक जागेपोटीची वाढ) चढवले आहे आणि शेजारी 30 टक्के. लोडिंग किती असावे याला कायद्याचा आधार नाही. विकणारा म्हणेल तेवढे.

घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्यात (2016) कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठीची पोकळी), बाल्कनी आणि खासगी टेरेस त्यात येत नाहीत. घराच्या आतल्या पार्टिशन भिंतींची जागा येते. नव्या प्रकल्पात बिल्डरला कार्पेट सांगावेच लागते. पुनर्विक्रीत मात्र एजंट अजून सेलेबलवरच बोलतात आणि घेणारेही ऐकून घेतात. मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, कारण इथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते: बजेटमध्ये, कर्जात, घासाघिशीत.

म्हणून मोजा. टेप किंवा लेझर मीटर घेऊन प्रत्येक खोली प्लॅस्टर ते प्लॅस्टर मोजा. खोल्यांची नुसती बेरीज केली तर पार्टिशन भिंतींची जागा सुटते, ती वेगळी मिळवा. बाल्कनीचा आकडा स्वतंत्र ठेवा. फूट-इंचांत सर्रास चूक होते: 10 फूट 6 इंच म्हणजे 10.5 फूट, 10.6 नव्हे. करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणा. रेराच्या आधीच्या करारातल्या ‘कार्पेट’मध्ये बाल्कनी धरलेली असू शकते, म्हणून नुसता शब्द पाहून तुलना करू नका.

शेवटी मोजमाप मंजूर नकाशाशी ताडून पाहा. बंदिस्त केलेली बाल्कनी, हॉलमध्ये ओढलेला खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड, डक्टवर टाकलेला स्लॅब हे सगळे पाहताना ‘मोठी खोली’ वाटते आणि मालक त्याचे पैसे मागतो. नकाशात नसलेल्या जागेचा एक रुपयाही देऊ नका. पाडायची वेळ आली तर खर्च तुमचा असेल. आकडे जुळत नसतील तर आर्किटेक्टला किंवा नोंदणीकृत मूल्यांकनकाराला घर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: वेबसाइटवर याच सोसायटीतले फ्लॅट 90 लाखांना दिसतात. आम्हाला 85 मध्ये मिळतो आहे. घ्यावा का?

90 लाख ही मागणी आहे, विक्री नव्हे. विक्री किती रुपयांना झाली ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सापडते. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाका, सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, उघडते. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ हे दोन वेगळे रकाने आहेत. झालेला सौदा मोबदल्यात असतो. बाजारभावाचा रकाना शुल्कासाठीचा. क्षेत्रफळ कार्पेट की बिल्ट-अप (भिंती धरून), पार्किंग धरले आहे का आणि दस्ताची तारीख हेही वाचा. गेल्या वर्षभरातले पाच-सहा दस्त काढा. एकाच दस्तावर विसंबू नका. नात्यातला किंवा अडचणीतला व्यवहार असेल तर आकडा फसवतो.

प्रश्न: बँकेने कर्ज मंजूर केले. म्हणजे किंमत बरोबर आहे ना?

नाही. बँकेचा मूल्यांकनकार पाहतो ते एवढेच की हप्ते थकले तर घर विकून कर्ज वसूल होईल का. 75 लाखांवरच्या कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते, त्यामुळे किंमत थोडी चढी असली तरी बँक सुरक्षित राहते. वरचा बोजा तुमच्या खिशातून जातो. स्वतःसाठी स्वतंत्र मूल्यांकन करून घ्या.

प्रश्न: मालकाने 12 लाखांचे इंटिरियर केले आहे. ते किमतीत धरावे का?

12 लाख धरू नका. वापरलेल्या फर्निचरचा आजचा भाव धरा आणि वॉर्डरोबच्या मागच्या भिंतीला ओल आहे का ते पाहा.

प्रश्न: इमारत 35 वर्षांची आहे, ‘लवकरच रीडेव्हलपमेंट’ म्हणून जादा दर मागतात.

‘लवकरच’चे पैसे देऊ नका. सोसायटीकडे चार गोष्टी विचारा. जमिनीचे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? विकसकाच्या निवडीचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर आहे का? विकास करार नोंदणीकृत आहे का? समोरचा रस्ता किती मीटर रुंद आहे? किती एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात परवानगी असलेले बांधकाम) मिळेल हे बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि अरुंद गल्लीतल्या इमारतीला विकसक मिळणे अवघड जाते. नोंदणीकृत करार नसेल तर ते घर जुन्या इमारतीतले घर म्हणूनच तोला. 30 वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. तो अहवाल मागा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सोसायटी टाळाटाळ करत असेल तर थांबा.

प्रश्न: पार्किंगचे वेगळे 5 लाख मागतात.

उघडे पार्किंग विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्टिल्टबाबतही (इमारतीखालच्या खांबांमधले पार्किंग) तेच सांगितले. सोसायटीचे वाटपपत्र वकिलाला दाखवा.

प्रश्न: आजच टोकन न दिल्यास दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, असे एजंट म्हणतो.

जाऊ द्या त्याला. नवा प्रकल्प असेल तर नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही. जुने घर असेल तर टोकन चेकनेच द्या आणि पावतीवर ‘कागदपत्रांत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढी ओळ मालकाच्या सहीने लिहून घ्या. मालक ती ओळ लिहून देत नसेल, तर आधी मूळ करार, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला वकिलाकडे पाठवा.