परदेशी चित्रपट शेवटच्या फेरीत हरतात, प्रौढांचे चित्रपट त्याआधीच

ॲनिमेशनचे पुरस्कार परदेशी आणि प्रौढांसाठी केलेल्या कलाकृतींना डावलतात, की त्या कलाकृतीच विजेत्यांच्या तोडीच्या नसतात, असा आपला प्रश्न आहे. ऑस्करची नामांकने जाहीर झाली की ॲनिमेशन विभागातले सगळे चित्रपट मिळवून पाहायचे, हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या दोन तक्रारी नेहमी एका दमात मांडल्या जात असल्या, तरी त्यांची उत्तरे एक नाहीत. परदेशी चित्रपट नामांकनापर्यंत पोचतात आणि शेवटच्या मतदानात मागे पडतात. प्रौढांसाठीचे चित्रपट मात्र पुष्कळदा नामांकनाच्या दारातूनच परततात, आणि जे थोडे आत जातात त्यांना पुरस्काराच्या वेळी कोणी गांभीर्याने विचारात घेतले असावे, असे मला वाटत नाही.

आधी परदेशी चित्रपटांविषयी. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर 2002 च्या सोहळ्यापासून दिले जाऊ लागले आणि पहिला मान ‘श्रेक’ला मिळाला. तेव्हापासून 2025 पर्यंतच्या 24 पुरस्कारांपैकी 11 पिक्सारने आणि 4 डिस्नेच्या स्वतःच्या ॲनिमेशन स्टुडिओने पटकावले. पिक्सार 2006 पासून डिस्नेच्याच मालकीचा आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. 2013 ते 2018 या सहा सोहळ्यांत तर या दोघांखेरीज तिसऱ्या कोणाचे नावच पुकारले गेले नाही. याच 24 वर्षांत मूळ भाषा इंग्रजी नसलेले दोनच चित्रपट जिंकले, 2003 मध्ये ‘स्पिरिटेड अवे’ आणि 2024 मध्ये ‘द बॉय अँड द हेरॉन’, आणि दोन्ही जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचेच. 2025 मध्ये जिंकलेल्या लॅटव्हियाच्या ‘फ्लो’मध्ये संवादच नाहीत. जगभर एवढे काम होत असताना इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या चित्रपटांसाठी एकाच दिग्दर्शकाला हा पुरस्कार मिळावा, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

नामांकनांची यादी मात्र वेगळेच चित्र दाखवते, आणि रागाच्या भरात ते विसरले जाते. फ्रान्सचे ‘द ट्रिप्लेट्स ऑफ बेलव्हिल’ आणि ‘पर्सेपोलिस’, आयर्लंडचा ‘द सीक्रेट ऑफ केल्स’, ब्राझीलचा ‘बॉय अँड द वर्ल्ड’, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सचा ‘माय लाइफ ॲज अ झुकिनी’ हे सारे या यादीत आहेत. 2012 साली तर पिक्सारचा ‘कार्स 2’ बाहेर राहिला आणि बहुतेकांनी नावही न ऐकलेले ‘अ कॅट इन पॅरिस’ आणि ‘चिको अँड रीटा’ हे दोन चित्रपट आत आले. जीकिड्स नावाच्या एका लहान अमेरिकी वितरण कंपनीने असे चित्रपट विकत घेऊन, नियमानुसार लागणारे चित्रपटगृहातले प्रदर्शन पार पाडून, ते चिकाटीने ऑस्कर देणाऱ्या अकादमीपुढे ठेवले. ‘केल्स’पासून सुरू झालेली त्या कंपनीची ही धडपड मला फार मोलाची वाटते. दुसरे कारण असे की 2017 पर्यंत नामांकने एका निवडक समितीकडून ठरत आणि त्या समितीत ॲनिमेशन क्षेत्रातले लोक मोठ्या संख्येने असत. जो माणूस स्वतः एकेक चौकट रेखाटतो, त्याला दुसऱ्याच्या रेषेतले कसब चटकन दिसते. 2017 मध्ये हे काम इच्छुक असलेल्या सर्वच सदस्यांना खुले झाले, आणि पुढच्याच वर्षी ‘द बॉस बेबी’ आणि ‘फर्डिनांड’ यांची वर्णी लागली. अर्थात त्याच यादीत तैलरंगात रंगवलेल्या सुमारे 65,000 चौकटींचा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ही होता, तेव्हा नियम बदलल्याने सगळेच बिघडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

अडचण सुरू होते ती शेवटच्या फेरीत. तेथे अभिनेते, संकलक, वेशभूषाकार, निर्माते असे सर्व सदस्य मत देतात, आणि अगदी अलीकडेपर्यंत नामांकन मिळालेले सगळे चित्रपट पाहिल्याखेरीज मत देता येणार नाही, अशी अट नव्हती. म्हणजे घरातल्या मुलांबरोबर सहज पाहिला गेलेला एक चित्रपट आणि नाव उच्चारतानाही अडखळायला लावणारे दोन चित्रपट समोर असतील, तर मत कोठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. 2015 साली एका अमेरिकी नियतकालिकाने नाव गुप्त ठेवून एका मतदाराची मुलाखत छापली होती. तीत त्या सदस्याने, एक लोकप्रिय अमेरिकी चित्रपट वगळून कोणी न पाहिलेले दोन ‘चिनी’ चित्रपट आत घेतले, म्हणून शिवराळ भाषेत संताप व्यक्त केला होता. त्या दोनांपैकी एक आयर्लंडचा होता आणि दुसरा जपानचा. चित्रपट कोणत्या देशाचा हेदेखील ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती त्याचा निकाल असावा, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यांतला जपानी चित्रपट म्हणजे इसाओ ताकाहाता यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’. तोडीच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यातल्या एकाच प्रसंगावरून देऊ इच्छितो. बांबूच्या पेरात सापडलेली आणि डोंगरात वाढलेली मुलगी राजधानीत आणली जाते, तिच्या नामकरणाची मेजवानी चाललेली असते, आणि दारू चढलेले पाहुणे तिची टवाळी करताना तिला पडद्याआडून ऐकू येतात. तिच्या हातातला शिंपला चुरडला जातो. त्यानंतर ती जी धावत सुटते, तिच्याबरोबर चित्रच बदलत जाते. तोपर्यंतचे नाजूक जलरंग नाहीसे होतात, कोळशाने ओढल्यासारखे जाड, खरखरीत फराटे उरतात, अंगावरची भरजरी वस्त्रे एकामागून एक गळून पडतात, तिचा चेहरा नीट ओळखू येईनासा होतो आणि शेवटी चंद्राखाली पळणारा रेषांचा एक गुंता तेवढा उरतो. तिचा संताप अभिनयातून किंवा संवादातून सांगितलेला नाही, तो रेषेनेच सांगितला आहे, आणि ही गोष्ट ॲनिमेशनखेरीज दुसऱ्या कोणत्याही माध्यमात करता येणार नाही. त्या वर्षीचे ऑस्कर ‘बिग हीरो 6’ला मिळाले. तो चित्रपट मला आवडला होता आणि त्यात काही उणे काढण्याची माझी इच्छा नाही. पण दोन्ही चित्रपट लक्षपूर्वक पाहून कोणी तसा कौल दिला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

यात पैशाचाही भाग आहे. अमेरिकेतले प्रदर्शन, सदस्यांसाठीचे खास खेळ, जाहिराती हे सारे खर्चाचे काम असते आणि मोठ्या स्टुडिओंना तो खर्च जड जात नाही. जपानी दिग्दर्शक सातोशी कॉन यांनी ‘पर्फेक्ट ब्लू’, ‘मिलेनियम ॲक्ट्रेस’, ‘टोकियो गॉडफादर्स’ आणि ‘पॅप्रिका’ असे चार चित्रपट केले. यांतला पहिला हा विभाग सुरू होण्यापूर्वीचा आहे, पण उरलेल्या तिघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. ते 2010 मध्ये गेले. ते केवळ परदेशी होते म्हणून राहून गेले, असे म्हणता येत नाही, कारण त्यांच्याच देशातल्या मियाझाकींना तोवर पुरस्कार मिळून गेला होता. कॉन यांचे चित्रपट मोठ्यांसाठी होते, आणि येथून प्रश्नाचा दुसरा भाग सुरू होतो.

ऑस्कर मिळालेल्या चोवीसही चित्रपटांकडे पुन्हा एकदा पाहा. ‘स्पिरिटेड अवे’ काय किंवा ‘फ्लो’ काय, सगळेच चित्रपट मुलांना घेऊन पाहता येतात. 17 वर्षांखालील प्रेक्षकाला पालकांसोबतच प्रवेश देणारे ‘आर’ प्रमाणपत्र असलेला एकही चित्रपट त्यात नाही. असे प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला या विभागात नामांकन मिळायलाच 2016 साल उजाडले. तो चित्रपट ‘ॲनोमालिसा’. त्याआधीचे सर्वांत बोलके उदाहरण ‘वॉल्ट्झ विथ बशीर’चे आहे. 1982 च्या लेबनॉन युद्धात लढलेला एक इस्रायली दिग्दर्शक स्वतःच्या हरवलेल्या आठवणी शोधतो, अशी ही कहाणी. सुरुवातीलाच पिवळ्या आभाळाखाली 26 चवताळलेले कुत्रे रस्त्यावरून धावत येतात, आणि शेवटी बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला येथील हत्याकांडाची खरी चित्रफीत पडद्यावर येते. 2009 च्या ऑस्करमध्ये या चित्रपटाला परदेशी भाषेतील चित्रपटाचे नामांकन मिळाले आणि ॲनिमेशनचे मिळाले नाही. म्हणजे परदेशी चित्रपट निवडणाऱ्यांना तो पसंत पडला, पण ॲनिमेशन म्हणून त्याला जागा नव्हती. तेथे ‘वॉल-ई’, ‘कुंग फू पांडा’ आणि ‘बोल्ट’ होते.

‘ॲनोमालिसा’विषयी थोडे अधिक लिहितो. बाहुल्या चौकटीगणिक हलवून केलेल्या चित्रपटांत चेहऱ्याचे भाव बदलण्यासाठी चेहऱ्याचे वरचे आणि खालचे भाग स्वतंत्रपणे बदलतात, आणि त्यांच्या मधली सांध्याची रेघ नंतर संगणकावर पुसून टाकण्याची रीत आहे. चार्ली कॉफमन आणि ड्यूक जॉन्सन या दिग्दर्शकांनी ती पुसली नाही. डोळ्यांच्या पातळीवरून कानापर्यंत जाणारी ती फट प्रत्येक चेहऱ्यावर सतत दिसत राहते. नायक आणि लिसा ही स्त्री सोडली, तर बाकी सर्व पात्रांना एकाच नटाचा आवाज आणि जवळपास एकच चेहरा आहे, कारण एकाकीपणाने ग्रासलेल्या त्या नायकाला सगळी माणसे एकसारखीच भासत असतात. हॉटेलच्या खोलीत एका रात्री घडणारी ही गोष्ट मुलांना समजणार नाही, आणि समजावी अशी तिची अपेक्षाही नाही. त्या वर्षी ‘इनसाइड आउट’ जिंकला आणि त्याबद्दल मी वाद घालणार नाही, तो उत्तमच चित्रपट आहे. खेद इतकाच की दोघांची खरी तुलना कोणी केल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी ॲनिमेशन म्हणजे मुलांचा प्रकार ही समजूत आहे, आणि ती 2022 च्या सोहळ्यात भर मंचावर दिसली. डिस्नेच्या राजकन्यांच्या भूमिका केलेल्या तीन अभिनेत्री पुरस्कार द्यायला आल्या होत्या, आणि मुले हे चित्रपट पुन्हा पुन्हा कसे पाहतात व पालकांना ते कसे सोसावे लागतात, अशा आशयाची प्रस्तावना त्यांनी वाचली. ती ऐकणाऱ्यांत ‘फ्ली’चे कलावंतही होते. अफगाणिस्तानातून पळालेल्या एका समलिंगी निर्वासिताची ही सत्यकथा आहे, तिच्यात त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून ॲनिमेशन वापरले आहे, आणि त्या वर्षी तिला माहितीपट, आंतरराष्ट्रीय चित्रपट आणि ॲनिमेशन अशी तिन्ही नामांकने एकाच वेळी मिळाली होती, जे पूर्वी कधीच घडले नव्हते. तिन्ही पुरस्कार तिच्या हातून गेले. त्याच दिवशी लघुपट विभागात स्पॅनिश दिग्दर्शक आल्बेर्तो मिएल्गो यांचा ‘द विंडशील्ड वायपर’ जिंकला, आणि प्रौढांसाठीचे ॲनिमेशन ही आता वस्तुस्थिती आहे, त्याला चित्रपटच म्हणा, असे त्यांनी मंचावरून सांगितले. मात्र तो पुरस्कार त्या वर्षी थेट प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच उरकलेल्या आठ पुरस्कारांपैकी होता.

लघुपटांत परिस्थिती बरीच बरी आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याच यादीत चिलीतल्या लष्करी राजवटीच्या गुप्त पोलिसांवरचा ‘बेस्तिया’ होता. टीव्हीवर तर पारडे उलटेच आहे. ‘द सिम्पसन्स’, ‘साउथ पार्क’, ‘रिक अँड मॉर्टी’, ‘ब्लू आय समुराई’ अशा मोठ्यांच्या मालिकांना एमी हे अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळत आले आहेत. पण आंतरराष्ट्रीय एमीमध्ये ॲनिमेशनचा विभाग आहे तो मुलांच्या कार्यक्रमांखाली, म्हणजे परदेशी म्हटले की पुन्हा ती समजूत आडवी येतेच. केवळ ॲनिमेशनसाठी असलेल्या ॲनी पुरस्कारांनी 2016 मध्ये स्वतंत्र चित्रपटांसाठी वेगळा विभाग केला आणि पहिल्याच वर्षी ‘बॉय अँड द वर्ल्ड’चा गौरव केला. तो उपाय मला निम्माच पटतो, कारण अशा चित्रपटांना मुख्य शर्यतीबाहेर काढून दिलेल्या सन्मानाने मुख्य शर्यतीतला प्रश्न सुटत नाही.

फ्रान्समधला आनेसी ॲनिमेशन महोत्सव मात्र ही भेदरेषा फारशी मानत नाही. 2024 मध्ये तेथील सर्वोच्च क्रिस्टल पुरस्कार ऑस्ट्रेलियाच्या ॲडम एलियट यांच्या ‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’ला मिळाला. गोगलगायींच्या वस्तू जमवणाऱ्या, जुळ्या भावापासून दुरावलेल्या एका एकाकी स्त्रीची ही गोष्ट मातीच्या बाहुल्यांतून सांगितलेली आहे आणि ती मोठ्यांसाठीच आहे. त्याच महोत्सवात ‘फ्लो’ने परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा असे दोन्ही पुरस्कार मिळवले होते. पुढच्या मार्चमध्ये हे दोन्ही चित्रपट ऑस्करच्या एकाच यादीत होते. सुमारे 35 लाख युरोंत आणि ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर झालेला ‘फ्लो’ 1.6 अब्ज डॉलरहून अधिक कमाई केलेल्या ‘इनसाइड आउट 2’ला मागे टाकून जिंकला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तरीही आनेसीतल्या या दोन परदेशी चित्रपटांपैकी जो मुलांना दाखवता येतो तोच जिंकला, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही.

त्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये, अकादमीने जाहीर केले की 2026 च्या सोहळ्यापासून एखाद्या विभागात अंतिम मत देण्यासाठी त्यातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे बंधनकारक राहील. ही अट 2015 मध्ये असती तर ताकाहातांचा चित्रपट जिंकलाच असता, असा माझा दावा नाही. पण त्या मतदाराला मत देण्यापूर्वी ती धावणारी मुलगी पाहावी लागली असती.