तुम्ही वाचता तेव्हा विहीर दिसते

“आता त्याला स्वतःला वाचता येतं. तरी रोज रात्री ‘तूच वाचून दाखव’ म्हणून अडून बसतो. आम्ही असंच वाचत राहिलो तर तो आळशी होणार नाही का?” नाशिकमध्ये मुलांचे आणि पालकांचे समुपदेशन करताना गेल्या बावीस वर्षांत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल. जूनमध्ये शाळा उघडतात, मुले दुसरीतून तिसरीत जातात आणि हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. विचारणारे पालक मुलांविषयी अतिशय दक्ष असतात, म्हणूनच त्यांना उत्तर सविस्तर द्यावे असे मला वाटते. त्यासाठी एका कुटुंबाची हकिकत सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ओजस आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घर इंदिरानगरला, घरात मराठीच. आई बँकेत, वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीवर. माझ्याकडे ते वाचनासाठी आलेच नव्हते, पोटदुखीसाठी आले होते. रात्री नऊ वाजत आले की ओजसच्या पोटात दुखू लागे, सुट्टीत आजीकडे नाशिकरोडला गेला की दुखत नसे. बालरोगतज्ज्ञांनी सर्व तपासण्या करून त्यांना माझ्याकडे पाठवले होते.

नऊ वाजता घरात काय असते, असे मी विचारले. आईने सांगितले, “वाचन.” दुसरीपर्यंत त्या त्याला रोज गोष्ट वाचून दाखवत. तिसरीच्या पहिल्या पालकसभेत “आता मुलांना स्वतंत्रपणे वाचू द्या” असे सांगण्यात आले आणि त्या रात्रीपासून वाचणारा बदलला. रोज दोन पाने, ओळीखाली बोट, चुकला की तिथेच थांबवून शब्द पुन्हा. आईचा हेतू निर्मळ होता. परंतु ज्या अंथरुणावर काल गोष्ट होती तिथे आज तोंडी परीक्षा आली होती, आणि परीक्षक आईच होती.

पुढच्या वेळी मी त्यांना गोष्टीचे पुस्तक बरोबर आणायला सांगितले. मराठी कथांचे एक साधे पुस्तक त्यांनी आणले. ओजसने एक परिच्छेद वाचला. उच्चार बहुतेक बरोबर होते, पण जोडाक्षर आले की तो चढावर दम लागावा तसा थांबत होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आईकडे पाहत होता. “काय झालं रे गोष्टीत?” असे विचारल्यावर त्याला काहीच सांगता आले नाही. मग पुढचे पान मी वाचले. घाई केली नाही, नाट्यही केले नाही आणि वाचून झाल्यावर एकही प्रश्न विचारला नाही. काही क्षणांनी तो स्वतःहूनच म्हणाला, “तो मुलगा खोटं बोलतोय. त्याचा पाय दुखत नाहीये. त्याला विहिरीवर जायची भीती वाटते.”

मुलगा खोटे बोलत आहे, असे पुस्तकात कुठेही लिहिलेले नव्हते. ते ओजसने ओळींच्या मधून काढले होते. आईने माझ्याकडे चकित होऊन पाहिले. मी त्याला विचारले, “तू वाचतोस आणि मी वाचते, यात काय फरक पडतो?” त्याने विचार करून उत्तर दिले, “मी वाचतो तेव्हा शब्द दिसतात. तुम्ही वाचता तेव्हा विहीर दिसते.”

माझ्या टिपणवहीत ते वाक्य मी त्याच क्षणी लिहून घेतले. इतकी वर्षे पालकांना जे समजावताना माझी दमछाक होत असे, ते आठ वर्षांच्या मुलाने दोन वाक्यांत सांगितले होते. त्या खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते मी थोपवले नाही, कारण तीन महिन्यांच्या रात्री त्यांना एकदम आठवत होत्या.

ओजसचे म्हणणे वाचनाच्या अभ्यासकांनाही मान्य होण्यासारखे आहे. 1986 मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे आकलन हा दोन गोष्टींचा गुणाकार मानला. अक्षरांवरून शब्द ओळखता येणे ही एक, आणि ऐकलेली भाषा समजणे ही दुसरी. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्य झाली तर उत्तरही शून्यच येते. तिसरीतल्या मुलाची बहुतेक शक्ती पहिल्या बाजूवर खर्च होते, अर्थासाठी फारशी उरत नाही. कानाने मात्र तेच मूल कितीतरी पुढची, गुंतागुंतीची गोष्ट समजू शकते, आणि कान व डोळे यांतील हे अंतर बहुतेक मुलांमध्ये शाळेची बरीच वर्षे टिकून राहते. मूल जेवढे वाचू शकते तेवढेच त्याच्या वाट्याला येऊ दिले, तर त्याच्या समजेला आपण अनेक वर्षे अर्धपोटी ठेवतो. 1985 मध्ये अमेरिकेतील वाचनविषयक आयोगाच्या अहवालानेही मोठ्याने वाचून दाखवणे सर्व इयत्तांमध्ये चालू राहावे असे म्हटले होते, ते याच दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते.

मराठीपुरते आणखी एक कारण आहे आणि इंग्रजी माध्यमातील मुलांच्या पालकांनी ते अवश्य ध्यानात घ्यावे. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते हे खरे, पण सर्वच काही दाखवत नाही. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च कागदावर सारखाच दिसतो. ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांतला फरक कानालाच कळतो. शिवाय घरात आपण ‘केलं, गेलं’ बोलतो आणि पुस्तक ‘केले, गेले’ म्हणते. ‘क्षणार्धात’, ‘हुरहूर’, ‘निमूटपणे’ हे शब्द जेवणाच्या ताटावर सहसा येत नाहीत. ज्याने हे शब्द कधी ऐकलेच नाहीत, त्याला ते छापील पानावर भेटतात तेव्हा परक्या माणसासारखे वाटतात.

आळसाची भीती मात्र आईच्या मनातून जात नव्हती. तेव्हा मी त्यांना त्यांच्या माहेरच्या घराबद्दल विचारले. पंचवटीतला वाडा, श्रावणात संध्याकाळी आजोबा पोथी वाचत आणि सगळे वाडेकरी ओटीवर येऊन बसत. “ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना वाचता येत नव्हतं?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “बहुतेकांना येत होतं. एक तर हायस्कुलात शिक्षक होते.” मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, “त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही.” आपल्याकडे वाचून दाखवणे ही निरक्षरांची गरज भागवण्याची व्यवस्था एवढीच गोष्ट कधी नव्हती. ती एकत्र बसून एकाच गोष्टीत शिरण्याची रीत होती. साने गुरुजींनी 1933 साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले, तेव्हा त्यातील प्रकरणांना त्यांनी ‘रात्र’ म्हटले. श्याम रोज रात्री बोलतो आणि त्याच्याभोवती बसून ऐकणारे आश्रमातले मित्र काही तान्ही मुले नव्हेत.

त्यानंतर आम्ही घरात दोनच बदल केले. स्वतः वाचण्याचा सराव संध्याकाळी, उजेडात, दहा मिनिटे, आणि तोही ओजसला जमेल अशा सोप्या मजकुराचा. रात्रीचे वाचन फक्त मोठ्यांनी करायचे, त्याच्या वाचनपातळीपेक्षा चार पावले पुढच्या गोष्टींचे. रात्री प्रश्न नाहीत, बोट नाही, ‘यावरून काय शिकलास’ नाही. पालकांना हे शेवटचे सोडणे सर्वांत जड जाते. गोष्ट संपताच बोध विचारला की मूल पुढच्या वेळी गोष्ट ऐकत नाही, उत्तर शोधत बसते. मूल स्वतः बोलले तर गोष्ट खुशाल अर्ध्यावर थांबवावी, कारण ते बोलणेच खरे फळ आहे. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी वाचावी, त्या गोष्टीत त्याचे काही काम उरलेले असते. आवाज बदलून अभिनय करणे जमत नसेल तर करू नये. संथ, स्पष्ट आणि स्वतः रमून वाचले तरी मुलाला पुरते. पुस्तकांची अडचण असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक आहेतच.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले. मुलाच्या इंग्रजी पुस्तकांपुढे त्यांना अवघडल्यासारखे होई, म्हणून हे काम आईचेच असे त्यांनी ठरवून टाकले होते. मी त्यांना मराठीत वाचायला सुचवले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते रात्री घरी असत, तेव्हा त्यांनी सुरुवात केली. मोठ्याने वाचायची सवय नसल्याने तेही अडखळले, मागे गेले, वाक्य पुन्हा घेतले आणि पुढे वाचत राहिले. पुढच्या भेटीत ओजसने मला मोठी बातमी दिली, “बाबापण अडकतात. आई त्यांना काही म्हणत नाही.” खरे सांगायचे तर हे मी योजलेले नव्हते, पण त्याचे मोल मला लगेच कळले. त्या आठवड्यापासून संध्याकाळच्या सरावात ओजस चुकल्यावर आईकडे पाहायचा थांबला.

शाळेतही एक दार उघडले. त्याच्या वर्गशिक्षिकेला आईने ही हकिकत सांगितली आणि त्यांनी शेवटच्या तासाची दहा मिनिटे गोष्टीसाठी राखून ठेवली. मी ज्यांच्या विचारांवर घडले त्या गुजरातच्या बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात रंगवलेला शिक्षक चौथीचा गोंगाटी वर्ग हाती घेतो तो गोष्टीच्याच बळावर. वाचता येणाऱ्या मुलांचा वर्ग आहे तो, हे आपण विसरतो. शिक्षकांना माझे सांगणे एवढेच असते की गोष्ट ऐन रंगात आली असता घंटा झाली तर होऊ द्यावी, आणि त्या दहा मिनिटांवर गृहपाठ लावू नये.

दिवाळीपर्यंत पोटदुखी थांबली. वाचनाचा वेग तेव्हा थोडाच वाढला होता, हेही मी पालकांना स्पष्टपणे सांगितले. शेवटच्या भेटीत आईने विचारले, “मग किती वर्षांचा होईपर्यंत वाचायचं?” मी म्हटले, “तो पुरे म्हणेपर्यंत.” ओजस त्या वेळी सार्वजनिक वाचनालयातून आणलेली दोन पुस्तके मांडीवर घेऊन बसला होता. एक जाडजूड होते, ते आईने वाचायचे होते. दुसऱ्यातील अक्षरे ठळक आणि मोठी होती. ते स्वतःसाठी घेतलेस का, असे मी विचारल्यावर त्याने मान हलवली. “ते बाबांचं. त्यांना मोठी अक्षरं बरी पडतात.”