मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या अर्जात आवड, प्रोजेक्ट आणि ध्येय यांबद्दल काय लिहू?

प्रोजेक्टपासून सुरुवात करा, आवड त्यातूनच दिसते. 'मला ऑटोमोबाईलची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. तुम्ही कॉलेजच्या बाहा संघात (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा) असाल तर तुमच्या वाट्याला नेमकं काय आलं ते लिहा. स्पर्धेच्या पेट्रोल गटात सगळ्यांचं इंजिन सारखंच, त्यामुळे खरा कस लागतो तो वजन, सस्पेन्शन आणि गिअर रेशोत. 'रोल केजसाठी (चालकाभोवतीची संरक्षक चौकट) नळीची जाडी कशी ठरवली, वेल्डिंगनंतर फ्रेम किती मिलिमीटर वाकली, मग काय केलं', एवढ्या तीन ओळी पुरतात. फसलेला भागही लिहा. मुलाखतीत प्रश्न बहुतेक त्यावरच येतात आणि उत्तर तुमच्याकडे तयार असतं. (मित्राचं काम आपल्या नावावर खपवू नका. दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.)

सॉलिडवर्क्स (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) येतं म्हणता, तर ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, देता येतो का, तेही सांगा. शॉपफ्लोअरवर त्यालाच किंमत.

ध्येय छोटं ठेवा. चाकणच्या एखाद्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अर्ज करत असाल तर 'दोन महिन्यांत फिक्स्चर डिझाइन आणि तपासणीची पद्धत शिकायची आहे' एवढं बास (फिक्स्चर म्हणजे काम चालू असताना भाग घट्ट धरून ठेवणारं साधन). पाच वर्षांनी कुठे असाल ते विचारलं तरच सांगा.