रोमा मुलांची बातमी करण्याआधी

पहिल्यांदाच रोमा या युरोपातल्या अल्पसंख्याक समाजाच्या वस्तीत बातमीसाठी निघाली आहेस, तर आधी ऑक्टोबर 2013 चं प्रकरण मुळापासून वाच. ग्रीसमध्ये फार्सालाजवळच्या वस्तीत सोनेरी केसांची मुलगी दिसली, आणि पळवून आणलेली म्हणून तिचा फोटो जगभर झळकला. डीएनए चाचणीत तिचे जन्मदाते बल्गेरियातले रोमाच निघाले. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये एका रोमा घरातल्या मुलीबद्दल संशय घेणारा, एका टीव्ही पत्रकाराला आलेला फेसबुक मेसेज पोलिसांपर्यंत गेला आणि त्या सात वर्षांच्या मुलीला घरातून उचलून नेलं. ती आईवडिलांचीच होती. लोकांनी संशय घेतला हे खरं, पण त्याला वारा आपल्याच धंद्याने घातला. आयर्लंडच्या तेव्हाच्या बालहक्क लोकपाल एमिली लोगन यांचा त्यावरचा 2014 चा चौकशी अहवाल जरूर वाच.

फोटोत नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. दार, शाळेची पाटी, भावाचं नाव, कशावरूनही मूल ओळखू येतं. पालकांची परवानगी घे, पण मुलालाही विचार. ते गप्प राहिलं तर तो नकारच धर. चोरीच्या बातमीत 'रोमा' हा शब्द गरजेचा आहे का, हे दरवेळी तपास.

आणि फक्त चिखल, अनवाणी पाय टिपू नकोस. चेक प्रजासत्ताकात ऑस्ट्राव्हा शहरातल्या 18 रोमा मुलांना मंदबुद्धी मुलांच्या विशेष शाळेत घातलं होतं. 2007 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. पालकांची संमती म्हणजे काय, तर आधीच भरलेल्या फॉर्मवरची सही! असे फॉर्म मागून बघ. मुलाची बुद्धिचाचणी कोणत्या भाषेत झाली, कोणी घेतली, विचार. खरी बातमी तिथे आहे.